मुका मेनू

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा," प्राचार्य शिंत्रे सर म्हणाले.

मुजावर मॅडमच्या बांगड्यांचा आवाज माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत गेला आणि दार लागलं. परीक्षा विभागाच्या त्या चिंचोळ्या खोलीत आता आम्ही तिघं उरलो. शिंत्रे सर, हेडक्लार्क बाबरअण्णा आणि मी. समोर टेबलावर कॉम्प्युटर होता, अजून बंद.

"हेमलता, नीट ऐक," सर म्हणाले. "हे यंत्र तू एकटीनं सुरू करायचं आणि पानभर मजकूर लिहून दाखवायचा. कुणी हात लावणार नाही, कुणी सांगणार नाही. परीक्षेत दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर उद्या कोणीही माझ्याकडं बोट दाखवेल. जमलं तर टी. वाय.चे सगळे पेपर तुझे तू लिही, विद्यापीठाला मी कळवतो. नाही जमलं तर दरवर्षीसारखी लेखनिक घ्यायची. मान्य?"

"मान्य, सर."

मी जन्मापासून आंधळी आहे. लोक माझ्यासमोर हा शब्द उच्चारताना उगीच आवाज खाली आणतात, म्हणून मीच तो आधी म्हणून टाकते. म्हणजे सगळे मोकळे होतात आणि कामाचं बोलता येतं.

त्या दिवशी मला भीती अशी नव्हतीच. दिवाळीपासून रोज तास संपले की मी याच कॉम्प्युटरवर सराव करत होते. पुण्याच्या अंधशाळेत टायपिंग शिकले होते, त्यामुळे बोटं कीबोर्डवर बरोबर पडायची आणि मी जे लिहीन ते यंत्र मला वाचून दाखवायचं. त्याचा आवाज सर्दी झालेल्या तलाठ्यासारखा होता. जोडाक्षर आलं की तो अडखळायचा, 'ज्ञ' आला की गडबडायचा. मी त्याचं नावच तलाठीबुवा ठेवलं होतं. पण तलाठीबुवा मी लिहिलं तेच वाचायचे, आपल्या पदरचं काही घालायचे नाहीत. मला तेवढंच हवं होतं.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क कुरकुरली. मी हात मांडीवर ठेवून तलाठीबुवांची वाट बघत बसले. ते आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी स्पीकरमधून एक गोड, लाडिक सूर वाजला आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

तो सूर मी ओळखत होते. सकाळी परीक्षा विभागावरून जाताना तो ऐकू यायचा. बाबरअण्णांचं काम सुरू झाल्याची ती खूण होती. माझ्याकडं तो कधी वाजला नव्हता.

मी एक कळ दाबली, दुसरी दाबली. बोलणं बंद पडलं तर सुरू करायच्या म्हणून मॅडमनी ज्या कळा शिकवल्या होत्या, त्या दाबून पाहिल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. मग म्हटलं, कदाचित आवाजच तेवढा गेला असेल, लिहून तर बघू. मी घडाघडा लिहायला लागले.

"आगं, काय करतीस?" बाबरअण्णांना राहवलं नाही. "पासवर्ड मागतोय तो तिथं! नुसते ठिपकेच उमटाय लागलेत."

"बाबर, बोलायचं नाही असं ठरलंय," सर म्हणाले.

"तसं नव्हं सर, पण माझा पासवर्ड लॉक झाला म्हंजे?"

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. माझे कान तापले होते. सर उठून माझ्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. ते मायेनं बोलले.

"वाईट वाटून घेऊ नको, पोरी. लेखनिक घेऊनच गेल्या वर्षी इतिहासात कॉलेजात दुसरी आलीस ना? मग आता कशाला हा खटाटोप?"

ते दुसरं येणं हेच तर माझं दुखणं होतं.

नियम असा, की लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या वर्गातली लागते. गेल्या वर्षी मला मिळाली होती आमच्याच गल्लीतली प्रणोती, अकरावीतली, बोलायला गोड आणि अक्षर सुंदर असणारी. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाविषयी प्रश्न आला होता. त्या तहाबद्दल मी महिनाभर विचार केला होता. मी सांगितलं, "तह करणाऱ्यांना सूड घ्यायचा होता हे खरं, पण ज्यांची पोरं गेली त्यांनी दुसरं काय मागायला हवं होतं, ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही." पेन चालल्याचा आवाज येत होता. मी समाधानानं पुढचं सांगत गेले.

निकालाच्या दिवशी प्रणोती धावत आली. "ताई, बघा, कसले मार्क पडले! तुम्ही मधे मधे कायतरीच सांगत होता. परीक्षेत असलं लिहीत नसतात. म्हणून मी तिथं गाईडमधलं मुद्देसूद घातलं. माझ्या बहिणीचं गाईड पाठच आहे मला."

तिला काय बोलणार? ती बिचारी माझं भलंच करत होती. घरी सगळे खूश होते, सरांनी वर्गात नाव घेतलं. ते मार्क गाईडचे आहेत हे सांगितलं असतं तर प्रणोती अडचणीत आली असती, म्हणून मी गप्प बसले. पण माझ्या मनानं घेतलं, की आता शेवटच्या वर्षी पेपरवर जे उमटेल ते माझं असेल. नाही तर पेपरच देणार नाही.

हे मी फक्त रेहाना मुजावर मॅडमना सांगितलं होतं. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब त्या सांभाळायच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सरांकडं गेल्या. लॅबमधली यंत्रं परीक्षेच्या काळात कॉम्प्युटर कोर्सच्या मुलांना लागत. मोकळं होऊ शकणारं एकच यंत्र होतं, ते परीक्षा विभागातलं. त्यावर अण्णा विद्यापीठाचं काम करायचे. प्रश्नपत्रिका त्या वर्षीपासून सकाळी कॉम्प्युटरवर यायला लागल्या होत्या. त्या उतरवून छापल्या, की दिवसभर ते यंत्र नुसतं बसून असे.

सरांनी परवानगी दिली, पण अण्णांच्या विंडोजला बोट लावायचं नाही, या अटीवर. त्यात नवीन काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तेव्हा मॅडमनी हा मार्ग काढला. डिस्कचे दोन भाग करायचे. एका भागात अण्णांचं विंडोज जसंच्या तसं, दुसऱ्या भागात लिनक्स, विंडोजसारखीच यंत्र चालवणारी पण बोलणारी दुसरी प्रणाली. एकाच घरात दोन बिऱ्हाडं, चुली वेगळ्या.

"आणि डिस्क फाटली म्हंजे?" अण्णांनी विचारलं होतं.

"फाटत नाही हो अण्णा. तुमची जागा जरा आवळून घेते, रिकामी पडलीय ती फक्त."

"आवळताना मार्कलिस्टा चेंगरल्या तर?"

मॅडमनी त्यांच्या सगळ्या कामाच्या सीडी करून दिल्या. अण्णांनी त्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि तरीही सांगितलं, "परवा अमावस्या हाय. ती होऊन जाऊ द्या." तेव्हा अमावस्या होऊन गेल्यावर, दुपारी, अण्णांच्या देखरेखीखाली डिस्क आवळली गेली. मी तिथं बसून होते. मॅडम मला पडद्यावरची पट्टी कुठवर सरकली ते सांगायच्या आणि अण्णा दर वेळी विचारायचे, "झालं का? थांबलं का? थांबलं वाटतं!" विंडोज परत पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यानं आपली डिस्क तपासायला घेतली, आणि पडद्यावर आकडे धावायला लागलेले बघून अण्णा मटकन खाली बसले. सगळं जागच्या जागी होतं. तरी दोन दिवस ते मॅडमशी कामापुरतंच बोलले.

एवढं सगळं करून आज तलाठीबुवा आलेच नव्हते.

"विद्यापीठाला यादी शनिवारी जाते," सर जाता जाता म्हणाले. "तोवर जमलं तर सांगा. नाही तर मी लेखनिक असं लिहितो."

मॅडम बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही पायरीवर बसलो.

"काय झालं गं? पडद्यावर काय आलं होतं?"

"मला विचारताय होय?"

त्या हसल्या नाहीत. "बरं, बटण दाबल्यावर काय केलंस तू?"

"काय करायचं? वाट बघितली."

"आणि मेनू आल्यावर?"

"कसला मेनू?"

 व्हरांड्यातून मुलांचा एक घोळका गेला, तेव्हा मॅडम माझ्याजवळ सरकल्या.

"हेमा, सुरू होताना तो विचारतो ना, विंडोज की लिनक्स. खालचा बाण दाबायचा आणि एंटर करायचं. थोडा वेळ काहीच दाबलं नाही तर तो आपला विंडोजमध्ये जातो."

"मला कधी विचारलं नाही त्यानं."

"विचारतो गं," मॅडमचा आवाज बारीक झाला. "पडद्यावर. लिहून."

मग दोघींच्याही लक्षात आलं. माझा शेवटचा तास संपायच्या आत मॅडम रोज परीक्षा विभागात येऊन यंत्र सुरू करून ठेवायच्या, माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून. मी खोलीत शिरायची तेव्हा तलाठीबुवा बोलतच असायचे. दोन महिने मी त्या घरात रोज जात होते आणि दार कुणीतरी आधीच उघडून ठेवत होतं. दाराला कडी आहे हे मला माहीतच नव्हतं.

"सगळं बोलतं केलं मी," मॅडम म्हणाल्या. "लिहायचं, वाचायचं, बंद करायचं, सगळं. आणि पहिलंच... या अल्ला, इतकी कशी मी बावळट?"

"मॅडम, शनिवारपर्यंत वेळ आहे. रडायचं असेल तर रविवारी रडू."

दुसऱ्या दिवशी अण्णांचं काम आटोपल्यावर आम्ही बसलो. पहिला सोपा उपाय म्हणजे लिनक्स आधी येऊ द्यायचं आणि अण्णांनी सकाळी बाण दाबून विंडोज निवडायचं. मॅडम विचारायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. सकाळी पेपर उतरवायच्या घाईत, लाइट जाऊन आली तर, यंत्र सरळ विंडोजमध्येच गेलं पाहिजे, असं अण्णांचं म्हणणं होतं. तसा शब्दही सरांनी त्यांना दिला होता. डोळे असलेल्या माणसानं एक बाण दाबायचा की नसलेल्यानं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण यंत्र त्यांचं होतं आणि सगळ्या कॉलेजचे पेपर त्यातून यायचे. मी तो गिळला.

मग अंदाजानं दाबून पाहिलं. बटण दाबायचं, मनात मोजायचं, बाण, एंटर. एकदा जमलं, तलाठीबुवा बोलले, आम्ही टाळ्या पिटल्या. पुढच्या खेपेला चुकलं. ते यंत्र जुनं होतं, कधी पटकन उठायचं, कधी आळसावल्यासारखं. उशीर झाला की विंडोज. घाई करून आधीच कळा दाबल्या, की कीबोर्ड बिघडलाय असं समजून ते तिथंच अडून बसायचं. आम्ही गुरुवारपर्यंत हेच करत राहिलो. माझं निम्म्या वेळा जमायचं, निम्म्या वेळा नाही. निम्म्यावर सर ऐकणार नव्हते, आणि परीक्षेच्या दिवशी मलाही ते परवडणार नव्हतं.

"लेखनिकच घेऊया का?" शेवटी मॅडम म्हणाल्या. "प्रणोती नको. दुसरी कुणीतरी, प्रामाणिक."

"प्रणोती प्रामाणिकच होती," मी म्हणाले.

माझा धीर खचला होता, हे कबूल करायला हवं. मी चिडून उगीच ते यंत्र बंद करायची, चालू करायची, बंद करायची. आणि असं करता करता माझ्या कानावर एक बारीक आवाज आला. तो रोजच यायचा, मी त्याच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. बटण दाबल्या दाबल्या यंत्राच्या पोटातून, अगदी एकदा, टुक.

"मॅडम, हे कोण बोललं?"

"कुठं काय?"

मी पुन्हा बंद करून चालू केलं. टुक.

"ते होय? आत एक छोटा स्पीकर असतो. सगळं ठीक आहे म्हणून तो एकदा वाजतो."

"म्हणजे विंडोज, लिनक्स कुणीच उठलेलं नसतं, तेव्हाही याला वाचा असते."

"असते."

"मग प्रश्न विचारताना का नाही वाजत?"

 मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडं ओढला. लिनक्स सुरू केलं आणि त्या मेनूच्या सेटिंगची फाइल उघडून मनातल्या मनात वाचायला लागल्या. त्या वाचताना पुटपुटतात. मग पुटपुटणं थांबलं.

"हेमा."

"काय?"

"इथं एक ओळ आहे. मेनू आला की आवाज करायचा असेल तर. नुसती पुढं एक खूण घालून बंद ठेवलीय. ती खूण पुसली की झालं."

"म्हणजे तुम्ही लिहायची नाही?"

"लिहिलेलीच आहे."

"कुणी?"

"नाव नाही गं. ज्यांनी हे सगळं बनवलं त्यातल्याच कुणीतरी."

 कोण कुठला माणूस, कुठल्या देशात बसून त्यानं हे लिहिलं असेल. कदाचित त्याच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल. कदाचित तो स्वतःच तसा असेल. किंवा यातलं काहीच नसेल, त्याचा पडदा बिघडला असेल आणि वैतागून त्यानं ती ओळ घातली असेल. पण पडद्यावर विचारलेला प्रश्न कुणाला तरी दिसणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलं होतं. आम्ही इतके दिवस धडपडत होतो आणि ती ओळ आमच्या यंत्रातच पडून होती.

मॅडमनी खूण पुसली, फाइल साठवली, यंत्र परत सुरू केलं. टुक. आणि मग थोड्या वेळानं, पीं. मी बाण दाबला, एंटर केलं. तलाठीबुवा खाकरल्यासारखे बोलायला लागले. आम्ही लागोपाठ पाच वेळा करून पाहिलं, पाचही खेपांना ते आले. मॅडमनी मला मिठीच मारली.

शुक्रवारी सकाळी बाबरअण्णा लॅबमध्ये तणतणत आले. मी मॅडमजवळच बसले होते.

"मॅडम, काय करून ठेवलंय माझ्या मशीनला? चालू केलं आणि पीं करून वराडलं! मला वाटलं लाइट गेली, यूपीएस बोंबलतोय. मी पळत पळत जाऊन मेन स्विच बघून आलो. पाय घसरला असता माझा!"

मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. मेनू, बाण, पीं. ते ऐकता ऐकता अण्णांचं तणतणणं कमी झालं. 

"म्हंजे त्या दिवशी तुला ठाऊकच नव्हतं, की तो इचारतोय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, अण्णा."

"आणि मी आपला माझ्या पासवर्डचं घेऊन बसलो." त्यांनी खुर्ची ओढली. "पण खरं सांगू का, ह्यात एक घोळ हाय. यूपीएस बी असंच पीं करतोय. तुझ्या पेपरला लाइट गेली-आली, तर तुला कसं कळायचं कोण वराडतंय ते?"

खरं होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा लाइट जायची याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मॅडम आणि मी, दोघींच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

"वाजवायचंच तर सुरात वाजवा की," अण्णा म्हणाले. "नुसतं पीं काय पीं? सा, ग, प वाजवा. यूपीएसला काय सात जन्मात जमणार नाही ते."

अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे मला तेव्हा कळलं.

"अण्णा, त्याला आकडे द्यावे लागतात. सूर किती उंच तो आकडा," मॅडम म्हणाल्या.

"आकडे तुम्ही बघा. सूर मी सांगतो. काळी दोनचा सा धरा." आणि त्यांनी तिथंच, लॅबमध्ये, मुलं माना वर करून बघत असताना, सा लावला. मॅडम इंटरनेटवर शोधायच्या, आकडा टाकायच्या, लॅबमधल्याच एका यंत्राच्या पोटातून एक चिरका आवाज निघायचा. अण्णा म्हणायचे, "उतरलाय. चढवा थोडा." जुळलेले आकडे मग मॅडमनी परीक्षा विभागातल्या यंत्रात घातले. आंधळी म्हटलं की हिला सुरांचं ज्ञान असणारच, असं सगळे धरून चालतात. मला साधी आरती सुरात म्हणता येत नाही. सा कोणता आणि प कोणता हे मला आजही विचारू नका. तिन्ही सूर वाजून झाले की बाण, एवढं मला पुरेसं होतं.

शनिवारी सर आले. "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा," ते पुन्हा म्हणाले. "आणि बाबर, तुम्हीसुद्धा."

"मी कशाला?"

"तुम्हाला गप्प राहवत नाही."

मी बटण दाबलं. टुक. मी थांबले. सा, ग, प. बाण, एंटर. मग ती लांबलचक शांतता, आणि मग तलाठीबुवा. सरांनी विषय दिला, 'आमचा आठवड्याचा बाजार'. मी पानभर लिहिलं. सरांनी पडद्यावर वाचलं, मधे एकदा हसले, आणि दार उघडून बाहेर म्हणाले, "बाबर, यादीत हेमलतापुढं लेखनिक नको. स्वतः असं लिहा."

पहिला पेपर इतिहासाचा होता. अण्णांनी सकाळी प्रश्नपत्रिका उतरवल्या, छापल्या, आपलं विंडोज बंद केलं आणि मला खुर्ची दिली. "जागा पुसून ठेवलीय," एवढंच म्हणाले. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या एक पर्यवेक्षक बाई माझ्या शेजारी बसल्या. प्रश्न वाचून दाखवणं एवढंच त्यांचं काम होतं.

यंत्र सुरू करताना काहीही बिघडलं नाही. लाइटसुद्धा गेली नाही.

बाईंनी पहिला प्रश्न वाचला. शीतयुद्धाची कारणं सांगा. मला तो येत होता. मी लिहायला लागले आणि वाक्य पुरं झाल्यावर तलाठीबुवांना वाचायला सांगितलं. ते वाचू लागले, "दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची दोन गटांत विभागणी झाली. शीतयुद्धाची कारणे पुढीलप्रमाणे आहेत."

मी हात थांबवले. हे तर गाईडमधलं होतं. जसंच्या तसं. आणि या वेळी ते प्रणोतीनं घातलं नव्हतं, माझ्याच बोटांतून आलं होतं. इतक्या वर्षांत ते माझ्याही डोक्यात जाऊन बसलं होतं. मी इतका आटापिटा करून जे हक्कानं मागून घेतलं होतं, तिथं पहिल्या झटक्याला हे उमटलं. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

लेखनिक असताना मी कधी म्हणाले नव्हते, की हे खोड. त्या पोरीचा हात दुखत असायचा, वेळ कमी असायचा, आणि एकदा सांगितलेलं परत घेणं म्हणजे तिला त्रास. सांगितलं ते सांगितलं. परीक्षेत आपलं मत बदलता येतं हे मला माहीतच नव्हतं. डोळसांना ते किती सहज असेल. एक रेघ मारायची आणि पुढं जायचं.

मी खोडायची कळ दाबून धरली. तलाठीबुवा एकेक अक्षर उच्चारत मागं मागं सरकत गेले, आणि शेवटी गप्प झाले. पान कोरं झालं.

"काय झालं?" पर्यवेक्षक बाई दचकल्या. "पुसलं गेलं का सगळं?"

"पुसलं, मॅडम. मीच पुसलं."

मग मी लिहिलं, की शीतयुद्ध कशामुळं झालं हे सांगण्याआधी ते कुणाच्या अंगणात झालं ते सांगायला हवं. मी कोरियाचं लिहिलं, व्हिएतनामचं लिहिलं. भांडणारे दोघं आपापल्या घरी सुखरूप राहिले आणि मेले ते तिसरेच, असं लिहिलं. दोन वाक्यं परत खोडली. एक शब्द तीनदा बदलला. वेळ संपत आला तेव्हा शेवटचा प्रश्न अर्धाच झाला होता आणि बाई म्हणाल्या, "आटपा." मला त्याचं काही वाटलं नाही. छापलेली पानं हातात आली, ती गरम होती. मी त्यांच्यावर सही केली.

निकाल उन्हाळ्याच्या शेवटी लागला. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एस. टी.च्या वर्कशॉपात होते. ते सुट्टी टाकून कॉलेजात गेले आणि मार्कलिस्ट घेऊन आले. घरात शिरले तेव्हा त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच मला कळलं, की ते खूश नाहीत.

"पास झालीस," ते म्हणाले. "पण इतिहासात गेल्या वर्षीपेक्षा कमी पडले की गं. बरेच कमी. दुसरी सोड, पहिल्या दहातसुद्धा नाहीस."

"किती पडले?"

त्यांनी आकडा वाचला.

"त्या मशीनच्या नादानं झालं काय हे? तुझा शेवटचा प्रश्न राहिला म्हणालीस. पुढं एम. ए.ला आपण प्रणोतीलाच घेऊ. किंवा दुसरी कुणीतरी."

"दादा, परत वाचा."

"काय?"

"आकडा. परत वाचा ना."

त्यांनी वाचला. त्यांना वाटलं, माझा विश्वास बसत नाही. म्हणून तिसऱ्यांदा, मी न सांगता, एकेक अंक सुटा करून वाचला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "होतं असं."

मी त्यांचा हात तसाच डोक्यावर धरून ठेवला. चौदा-पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात गेले होते, दरवर्षी निकाल ऐकला होता, आणि हे माझे पहिले मार्क होते.